आठ त्रिक चोवीस

माणूस गाव बदलतो, घर बदलतो, बोलणं बदलतो, पण पाढे बदलत नाहीत. हे मला रायपूरला कळलं. सातवीच्या वर्गाला मी गणित हिंदीत शिकवायचे आणि ते बऱ्यापैकी जमायचं. पण फळ्याकडे तोंड केलं आणि गुणाकार आला की ओठ आपोआप मराठीत हलायचे. ‘नव सक चोपन्न’ असं पुटपुटायचं आणि मग मुलांकडे वळून ‘चौवन’ म्हणायचं. एकदा मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, ‘‘मैडम मंत्र पढ़ती हैं.’’ सगळा वर्ग खिदळला. मी तापट आहे. आख्ख्या बाकाला उभं केलं आणि पुढची दहा मिनिटं स्वतःच हसू दाबत शिकवत राहिले.

नवीन राज्य होऊन तेव्हा दीडेक वर्ष झालं होतं. शाळेच्या जुन्या हजेरीपटांवर छापलेलं ‘मध्यप्रदेश’ पेनाने खोडून वर ‘छत्तीसगढ़’ लिहिलेलं असायचं. माझा नवरा सरकारी नोकरीत. कर्मचाऱ्यांची वाटणी झाली तेव्हा त्याचं नाव इकडच्या यादीत आलं, आणि भोपाळचं बिऱ्हाड ट्रकमध्ये घालून आम्ही समता कॉलोनीत भाड्याने राहायला आलो. नवी राजधानी म्हणजे त्याला फायलींचा डोंगर. सकाळी नऊला जायचा, साडेसात-आठला यायचा. मूलबाळ नव्हतं. भोपाळमध्ये निदान सासू होती, तिच्याशी दोन शब्द व्हायचे. ती गेली आणि वर्षाच्या आत आम्ही इकडे आलो.

मी अमरावतीची. माहेरी आम्ही ‘मले-तुले’ बोलणारे लोक. नवराही मराठीच, पण जन्म भोपाळचा. मी मराठीत विचारायचे, तो हिंदीत उत्तर द्यायचा. ‘‘भाजीत मीठ बरोबर आहे का?’’ ‘‘ठीक है.’’ त्याचं मराठी बाहेर यायचं ते फक्त भांडताना, आईकडून जसंच्या तसं आलेलं, चांगलं ठसकेबाज. म्हणून कधी कधी मी मुद्दाम भांडण उकरून काढायचे. ओला टॉवेल पलंगावर का टाकला, एवढंही पुरायचं. तो चिडून म्हणायचा, ‘‘तुझ्या तोंडाला काही हाड आहे का नाही?’’ आणि मला बरं वाटायचं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

रायपुरात मराठी माणसं होती. संक्रांतीला एका ओळखीच्या बाईंनी हळदीकुंकवाला बोलावलं, तेव्हा मी नवी साडी नेसून गेले. तिथे बायका तिळगूळ देत होत्या आणि आपापसात हिंदीतच बोलत होत्या. पण एका म्हाताऱ्या बाईंनी मला जवळ बसवून विचारलं, ‘‘तुम्ही कुठल्या? माहेरचं आडनाव काय?’’ मी सांगितलं. ‘‘अगंबाई, म्हणजे आपल्यातल्याच!’’ असं म्हणून त्यांनी माझा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही. त्या हाताची ऊब घेऊन मी रिक्षाने घरी आले. आडनाव विचारणं म्हणजे माया, असं त्या दिवशी माझ्या मनात पक्कं बसलं.

शाळा छोटी, खासगी, हिंदी माध्यमाची होती. सदर बाजारातल्या दुकानदारांची मुलं, बाबूंची मुलं, सिलतऱ्याच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांची मुलं. सातवीला मी सोपी समीकरणं घेतली होती, एका पायरीत सुटणारी. माझ्या आधीच्या सरांनी मुलांना एक युक्ती शिकवून ठेवली होती: अंक ‘उधर’ गेला की उलटा होतो. अधिक उधर गेला की वजा, गुणिले उधर गेला की भागिले. मला त्या ‘उधर’चा भारी राग. अंक काय बस पकडून जातो का? कुणी कुठे जात नाही. आपण दोन्ही बाजूंना तेच करतो, एवढंच.

मग मी पंगतीचं उदाहरण काढलं. समोरासमोर दोन पंगती बसल्या आहेत. बरोबरचं चिन्ह म्हणजे मधली वाढप्याची वाट. इकडच्या पंगतीत एकेक लाडू वाढला तर तिकडेही वाढायचा. इकडचा उचलला तर तिकडचाही उचलायचा. नाहीतर भांडणं. आमच्या आजोळी म्हणत, सगळं चालेल, पण पंक्तिप्रपंच नको. मुलांना ते आवडलं. लाडवांनी मी एक्स अधिक पाच बरोबर नऊ सोडवलं, मग गुणाकाराची समीकरणं सोडवली.

त्या तासाला तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. सडपातळ, दोन घट्ट वेण्या घालणारी. हजेरीपटात तिचं नुसतं नाव होतं आणि पुढे ‘कुमारी’. आडनाव नव्हतं. तशा बऱ्याच मुली होत्या, त्यामुळे मी कधी लक्ष दिलं नव्हतं.

‘‘मैडम, और जो पंगत में नहीं बैठा?’’

वेळ संपत आली होती, अजून चार उदाहरणं बाकी होती. ‘‘जो नहीं बैठा वो समीकरण में नहीं है,’’ मी म्हणाले. ‘‘आगे लिखो.’’

ती मुलगी हुशार होती, पण तिची एक खोड होती. पायऱ्या लिहायची नाही. प्रश्न उतरवायची, खाली थेट उत्तर. एक्स बरोबर तीन. बरोबर असायचं, पण मधे काही नाही. परीक्षेत पायरीला अर्धे गुण असतात, सगळीकडे निम्म्यावर राहिली असती. मी दोनदा वहीवर लाल शेरा मारला. तिसऱ्यांदा सांगितलं, शाळा सुटल्यावर अर्धा तास थांब.

ती थांबली. वर्गात आणखी दोन मुली होत्या, त्यांची रिक्षा उशिरा यायची म्हणून त्या रोजच बसून असायच्या. मी फळ्यावर लिहिलं, आठ एक्स बरोबर चोवीस. ‘‘बोलते-बोलते करो,’’ मी म्हणाले. ‘‘मन में जो चल रहा है, वही बोलो.’’

ती खडू घेऊन उभी राहिली आणि अगदी हळू, स्वतःशीच म्हणाली, ‘‘आठ त्रिक चोवीस.’’

मी खुर्चीतून उठलेच. हिंदीत ‘तिया’ म्हणतात. ‘त्रिक’ म्हणणारी जीभ एकच. घरात आई पोळ्या लाटता लाटता म्हणून घेते तेव्हाच ते असं जिभेवर बसतं.

‘‘अगं! तू मराठी आहेस?’’

ती दचकली. ‘‘नहीं मैडम,’’ म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे बघून, बहुतेक तिथे जे काही दिसलं त्यामुळे, म्हणाली, ‘‘हव. घर में.’’

त्यानंतरचे बारा-तेरा दिवस माझ्या रायपूरच्या पहिल्या दोन वर्षांतले सगळ्यांत चांगले दिवस. मी तिला रोज थांबवायचे. पहिल्या दिवशी ती हिंदीतच उत्तरं देत होती. दुसऱ्या दिवशी अर्धं-अर्धं. चौथ्या दिवशी तोंड वाकडं करून म्हणाली, ‘‘मॅडम, मले स्टेप लिहाचा लय कंटाळा येते.’’ मी विचारलं, ‘‘काहून?’’ आणि ती खुदकन हसली, कारण मॅडमच्या तोंडी ‘काहून’ तिने ऐकलं नव्हतं. मीही किती वर्षांनी ते म्हणाले होते. मग ती आपण होऊन सांगू लागली. आई सांडगे घालते, इथल्या उन्हात छान वाळतात. बाबा सिलतऱ्याला लोखंडाच्या कारखान्यात आहेत, घरी आले की पहिलं पाणी काळं निघतं. मी ऐकत राहायचे. एक दिवस मी चिवडा करून नेला, आमच्याकडचा, भरपूर लसूण घातलेला. तिने ओळखीचा वास घेतल्यासारखा डबा नाकाशी नेला.

इथे एक कबुली द्यायला हवी. पायऱ्या तिला तिसऱ्याच दिवशी यायला लागल्या होत्या. ‘दोनों पक्षों में आठ से भाग देने पर’ असं सुरेख अक्षरात लिहून ती खाली ओळ मारायची. तिला थांबवायचं काही कारण उरलं नव्हतं. मीच म्हणत राहिले, अजून पक्कं नाही झालं, उद्या ये. त्या अर्ध्या तासाची मी सकाळपासून वाट बघायचे. घरी गेल्यावर टॉवेलवरून भांडायची गरज पडत नव्हती.

मग तो दिवस आला. उदाहरणं झाली होती. रिक्षावाल्या दोघी दप्तरं भरत होत्या. मी अगदी खुशीत होते, पाय हलवत टेबलावर बसले होते, वर्गात मी कधी अशी बसत नाही.

‘‘गाव कोणतं गं तुमचं?’’

‘‘भंडाऱ्याकडचं.’’

‘‘आणि आडनाव?’’

तिने वही मिटली. मला वाटलं, लाजते आहे. ‘‘अगं सांग की. मी काय खाते का तुला?’’ ती वहीचा कोपरा दुमडत राहिली. मी पुन्हा विचारलं, हसत हसत, तीच संक्रांतीतली म्हातारी माझ्या अंगात आली होती. त्या दोघी दप्तरं भरायच्या थांबल्या. एक जण म्हणाली, ‘‘हाँ, बता न, तेरा सरनेम क्या है? तू कभी बताती ही नहीं.’’

तिने वही दप्तरात घातली. ‘‘मैडम, मैं जाऊँ?’’ असं हिंदीत विचारलं आणि मी हो म्हणायच्या आत गेली.

आपल्याकडे आडनाव विचारणं म्हणजे जात विचारणं, हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. चांगलं माहीत होतं. माझ्या जातीत ते विचारलं की हात धरतात, आणि दुसऱ्याच्या बाबतीत काय होतं याचा विचार करायची मला कधी वेळच आली नव्हती. त्या दिवशी घरी जातानासुद्धा मी एवढंच म्हणत होते, पोट्टी रुसली वाटते.

ती शाळेत येत राहिली. थांबायला सांगितलं की म्हणायची, आईने लवकर बोलावलंय. डब्याच्या सुट्टीत सातवीच्या मुली व्हरांड्यात गोल करून बसायच्या. आता ती त्या गोलात नसायची. पाण्याच्या टाकीपलीकडे, खांबाला टेकून एकटी डबा खायची. मी स्टाफरूमच्या खिडकीतून बघितलं आणि ठरवलं, तिचं मैत्रिणींशी काही बिनसलं असेल. मीही तिच्यावर जराशी रागावलेच होते. माझा अर्धा तास गेला होता ना.

शनिवारी शाळा लवकर सुटायची. मी वह्या आवरत होते तेव्हा दारात तिचे वडील आले. सकाळची पाळी करून तसेच आलेले, शर्टाच्या कॉलरच्या घडीत काळी धूळ अडकलेली. आत या म्हटलं तर आले, बसा म्हटलं तर उभेच राहिले.

‘‘मॅडम, आपन मराठी हाय म्हने.’’

‘‘हो, या ना.’’

‘‘पोरगी घरी येऊन सांगे, आमच्या मॅडम आपल्यासारखं बोलते. तिची माय बी खूश झाली. म्हने, डब्यात मॅडमसाठी सांडगे दे.’’ मग म्हणाले, ‘‘एक इचारू? आपलं आडनाव काय?’’

मी सांगितलं. सवयीने गावही सांगितलं.

‘‘पाहा,’’ ते म्हणाले. आवाज जरासुद्धा चढला नव्हता. ‘‘कसं पटकन सांगतलं. तोंडातून निंघालं अन् झालं. तेच माह्या पोरीले तुमी दोन पोरींसमोर इचारलं. दुसऱ्या दिवशी त्या दोघी तिच्या मांगं लागल्या, सांग सांग. तिनं सांगून देल्लं. त्यातल्या एकीच्या शेजारी मराठी घर हाय. त्याइनं समजावून सांगतलं त्याचा मतलब काय होते.’’

मी आवरलेल्या वह्या पुन्हा सारख्या करू लागले.

‘‘आमी बौद्ध. अठी आमचं आडनाव कोनाले समजत नव्हतं, तरी शाळेत लावलं नाई. म्हटलं, समजनारं कोनी ना कोनी भेटतेच.’’

ती समजणारी मीच. वर्गात दोन्ही बाजूंना तेच करायला मीच शिकवत होते. त्यांनी तेच करून दाखवलं होतं, माझा प्रश्न माझ्या बाजूला लावून. आणि माझ्या बाजूला काहीच झालं नव्हतं.

‘‘तुमी वाईट मनानं नाई इचारलं, मले मालूम हाय,’’ ते म्हणाले. ‘‘आपल्याइकडं सारेच इचारते. फक्त आता तिले शाळा सुटल्यावर थांबवू नका.’’

माफ करा, एवढं म्हणायचं होतं. दोन शब्द, तेही माझ्याच भाषेतले, ज्यांच्यासाठी मी इथे आल्यापासून तळमळत होते. आणि मी काय म्हणाले? ‘‘तिच्या पायऱ्या अजून पक्क्या नाहीत झाल्या.’’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मुलीच्या वह्या ते बघत असणार. ‘‘हव,’’ म्हणाले, हात जोडले आणि गेले. त्यांचं आडनाव मी विचारलं नाही.

रविवारभर मला काही सुचलं नाही. ‘जो नहीं बैठा वो समीकरण में नहीं है.’ पोळी लाटताना, कपडे वाळत घालताना हे वाक्य माझ्याच आवाजात ऐकू येत होतं. बारा वर्षांच्या पोरीने सरळ प्रश्न विचारला होता आणि मी तिला ‘पुढे लिही’ म्हटलं होतं. मी रडले. नवरा आतल्या खोलीत फायली पसरून बसला होता, त्याला कळू दिलं नाही.

सोमवारी डब्याच्या सुट्टीत मी व्हरांड्यात गेले आणि सगळ्यांना एका गोलात बसवलं. तिलाही टाकीमागून हाताला धरून आणलं. त्या दोन मुलींना दरडावून म्हटलं की माझ्यासमोर हिच्या डब्यातलं खायचं. त्यांनी मुकाट्याने एकेक घास खाल्ला. ती मान खाली घालून बसली होती, कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. मी स्टाफरूमच्या दारातून वळून पाहिलं तोवर गोल मोडलेला होता, आणि आधी उठली होती ती तीच. मदत करायला गेले आणि पुन्हा तिला चारचौघांत उभं केलं. तोंडाला हाड नाही ते नाही, अक्कलही नाही, असं मी स्वतःला म्हणाले.

दुपारी गणिताचा तास होता. मी फळ्यावर उदाहरणं लिहिली आणि एकेकाला बोलावलं. तिची पाळी आली तेव्हा फळ्यावर होतं आठ एक्स बरोबर चोवीस. मी ते मुद्दाम लिहिलं होतं. का, ते मला तेव्हा नीट कळत नव्हतं, आता कळतं. मला ते एकदा ऐकायचं होतं. ती पुटपुटली असती तर मला वाटलं असतं की सगळं अगदीच संपलेलं नाही.

तिने खडू घेतला. एकही पायरी न गाळता लिहायला लागली आणि लिहिता लिहिता बोलायला लागली, मी शिकवलं होतं तसंच, पण मोठ्याने, शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात. ‘‘दोनों पक्षों में आठ से भाग देने पर.’’ मग वळून थेट माझ्या डोळ्यांत बघितलं.

‘‘आठ तिया चौबीस,’’ ती म्हणाली. ‘‘एक्स बराबर तीन.’’

‘‘बहुत अच्छा,’’ मी म्हणाले. ‘‘बैठो.’’

वर्षभर तिचं सगळं बरोबर आलं. वार्षिक परीक्षेच्या पेपरात मला कुठे अर्धा गुण कापायला जागा नव्हती. आठवीला ती दुसऱ्या शाळेत गेली. जिभेवर बसलेलं ‘त्रिक’ तिने किती वेळा घोकून पुसलं असेल, याचा विचार मी अजूनही करते.

पण मला सांगायची आहे ती त्याच सोमवारची संध्याकाळ. नवरा त्या दिवशी लवकर आला होता. मी चहा टाकला आणि उभ्या उभ्याच त्याला सगळं सांगितलं. मुलगी मराठी निघाली, पाढे कसे म्हणायची, मी आडनाव विचारलं, तिने सांगितलं नाही, मग वडील आले. कुणालातरी सांगितल्याशिवाय मला श्वास घेता येत नव्हता. तो बशीत चहा ओतून ऐकत होता. त्याने मधे एकदाही ‘अच्छा’ किंवा ‘ठीक है’ म्हटलं नाही. मला वाटलं, आज हा खरंच ऐकतो आहे.

मी थांबले. त्याने बशी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघून, भांडण नसताना, अगदी आपुलकीने, मराठीत विचारलं, ‘‘मग? काय निघालं शेवटी आडनाव?’’

‘‘पता नहीं,’’ मी म्हणाले.